टाटा एस ईव्ही: इलेक्ट्रिक ट्रकची सुरुवात ‘छोटा हत्ती’पासूनच का?

टाटा मोटर्सने २००५ मध्ये आणलेल्या एसला आपण ‘छोटा हत्ती’ म्हणतो. मे २०२२ मध्ये त्याचं इलेक्ट्रिक मॉडेल आलं: २१.३ किलोवॅट-अवरची बॅटरी, चाचणीत १५४ किमी रेंज, ६०० किलो माल. माझ्या मते ही चाल बरोबर आहे. शहरातल्या डिलिव्हरी गाडीचा रूट ठरलेला, रात्री ती एकाच जागी उभी, म्हणजे चार्जिंग सोपं. लांब पल्ल्याच्या ट्रकला बॅटरी इतकी मोठी लागते की तिच्या वजनापायी माल कमी भरावा लागतो.

पण सुरुवातीचे करार झाले ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट अशा मोठ्यांशी. हप्त्यावर एकच गाडी घेणाऱ्याचं पोट भाड्यावर, त्याला ६०० किलो कमीच पडतात. म्हणून २०२४ ची एक टन माल नेणारी एस ईव्ही १००० मला जास्त महत्त्वाची वाटते. घराजवळ चार्जिंगची सोय मात्र त्यालाच बघावी लागते.