नदीच्या पात्रातली अर्ध्या मैलाची भिंत

१९७६ साली अमेरिका आपल्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी साजरी करत होती. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातील एका कोरड्या काँक्रीटच्या पात्रात सुमारे ८० मुले-मुली उतरली. बालगुन्हेगारांसाठी असलेल्या न्याययंत्रणेने त्यांना या कामावर पाठवले होते. सोबत दहा चित्रकार आणि पाच इतिहासकार होते. पात्राच्या भिंतीवर त्यांनी कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला. शाळेच्या पुस्तकात तो या रूपात कुणी वाचलेला नव्हता.

हे पात्र म्हणजे तुहुंगा वॉश, लॉस एंजेलिस नदीची उपनदी. १९३८ च्या महापुरात शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने नदी व तिच्या उपनद्या काँक्रीटमध्ये जखडून टाकल्या. पूर आटोक्यात आला. नदी मात्र शहराच्या नजरेतून आणि हळूहळू स्मृतीतूनही गेली. १९७४ मध्ये या ओसाड पात्राचे सुशोभीकरण करावे म्हणून याच विभागाने ज्यूडी बाका या चित्रकर्तीला विचारणा केली. बाका पुढे सांगत असत की काँक्रीटचे कालवे हे भूमीवरचे व्रण आहेत आणि आपले चित्र म्हणजे त्या व्रणावरचे गोंदण.

बाका याच खोऱ्यातल्या पाकोइमा वस्तीत वाढल्या. मूळच्या मेक्सिकन कुटुंबातल्या. १९७० मध्ये बॉइल हाइट्स भागात त्यांनी एकमेकांशी वैर असलेल्या चार टोळ्यांतील २० तरुणांना एकत्र आणले आणि हॉलेनबेक उद्यानातील वाद्यमंचाच्या कमानीखाली हात पसरून उभी असलेली एक आजी रंगवून घेतली. वैऱ्यांच्या गल्लीत पाऊल टाकणे जिथे जिवावर बेतत असे, तिथे एकाच परातीवर उभे राहून रंग लावण्याचा अर्थ त्या मुलांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तुहुंगा वॉशमध्ये काम फक्त उन्हाळ्यातच शक्य होते, कारण हिवाळ्यात पात्रातून पुराचे पाणी धावते. सूर्य डोक्यावर आणि काँक्रीटची धग पायाखाली. आधी भिंत घासून स्वच्छ करायची, मग चौकटी आखून लहान रेखाटन १३ फूट उंचीवर मोठे करायचे, मग रंग. मुलांना कामाचे पैसे मिळत. पण रंग हा कामाचा अर्धाच भाग होता. इतिहासकारांची व्याख्याने, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि चित्रात काय असावे यावरची चर्चा हाही त्याचा भाग होता. पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे १००० फूट भिंत रंगली. पुढे १९७८, १९८०, १९८१ आणि १९८३ असे आणखी चार उन्हाळे. एकूण लांबी २७५४ फूट, म्हणजे अर्ध्या मैलाहून थोडी अधिक. हात लागले चारशेहून अधिक तरुणांचे.

भिंतीवर आहे तरी काय? चुमाश आदिवासी, रेल्वेमार्ग बांधणारे चिनी मजूर, १९३० च्या दशकात मेक्सिकोला धाडून दिलेली कुटुंबे (त्यांत जन्माने अमेरिकन नागरिक असलेलेही होते), १९४३ मध्ये ढगळ ‘झूट सूट’ घातले म्हणून नौसैनिकांच्या हातचा मार खाल्लेले मेक्सिकन-अमेरिकन तरुण. चावेझ रवीनच्या चित्रात तर वस्ती उठवून उभारलेले डॉजर स्टेडियम आकाशातून उडत्या तबकडीसारखे उतरते. हा उपहास कोणत्याही प्रबंधाहून कमी बोलका नाही.

सर्वांत लक्षणीय आहे तो दुसऱ्या महायुद्धाचा भाग. १९४२ नंतर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. सरकारने याबद्दल कायदा करून माफी मागितली ती १९८८ मध्ये. भिंतीवर हा प्रसंग आला १९८१ मध्ये. म्हणजे वॉशिंग्टनच्या सात वर्षे आधी ही नोंद केली ती पोलिसांशी गाठ पडलेल्या पोरांनी.

तरीही या प्रकल्पाकडे केवळ भक्तिभावाने पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. १९७६ चा भाग वेगवेगळ्या चित्रकारांनी आपापल्या तुकड्यांसह रंगवला. तो सुटासुटा दिसतो, शैली जुळत नाहीत. १९७७ मध्ये बाका मेक्सिकोत क्वेर्नावाका येथे सिकेरोस यांच्या कार्यशाळेत भित्तिचित्रणाचे तंत्र शिकून आल्या आणि पुढच्या उन्हाळ्यापासून संपूर्ण रचना स्वतः करू लागल्या. त्यानंतर चित्र नदीसारखे वाहू लागले. एका दृश्यातून दुसरे उमलू लागले. कलादृष्ट्या ही झेप निर्विवाद आहे. पण सामूहिक कलेत चित्र जितके एकसंध, तितका निर्णय एका हातात, हेही त्याच भिंतीवर वाचता येते. आज भिंत ओळखली जाते ती बाका यांच्या नावाने. चारशे तरुण बहुधा एका आकड्यापुरते उरतात. अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे काळाने पुसली असे म्हणता येते. इथे तर सगळे घडून पन्नास वर्षेच होत आहेत.

चित्रातली कथा १९५० च्या दशकापाशी थांबली आणि अनेक वर्षे तिथेच राहिली. २०११ मध्ये ऊन-पावसाने विटलेल्या रंगांची डागडुजी झाली. २०१७ मध्ये या भिंतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. २०२१ मध्ये मेलन प्रतिष्ठानाने विस्तारासाठी ५० लाख डॉलर दिले. १९६० च्या दशकाची नवी चित्रे आता तयार होत आहेत. त्यांतील काही २०२३ पासून लॉस एंजेलिस काउंटी कलासंग्रहालयाच्या दालनात, प्रेक्षकांच्या समोर, बाका आणि त्यांच्या सहकारी चित्रकारांनी रंगवली. तिथे सावली होती आणि पुराची भीती नव्हती.