भांडवल आणि धीर

व्याज म्हणजे वाट पाहण्याचा मोबदला, असे मार्शलसारख्या अर्थशास्त्रज्ञाने सांगून ठेवले आहे आणि आम्ही अध्यापक मंडळी वर्षानुवर्षे ते वर्गात सांगत आलो आहोत. जो आजचा उपभोग उद्यावर टाकतो, त्यास त्या धीराबद्दल काही मिळावे हे न्याय्यच होय. परंतु एखाद्या उद्योगाचा आरंभ होत असता वाट खरोखर कोण पाहतो, किती काळ पाहतो आणि मोबदला मात्र कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतो. तो विचारण्याचा प्रसंग आमच्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने आणला.

अर्जुनी मोरगावकडचा हा तरुण अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेला. कापणीनंतर अवकाळी पाऊस आला की लहान शेतकऱ्याचे धान ओले राहते, व्यापारी भाव पाडतो; म्हणून दोन-चार एकरवाल्यास परवडेल असे धान वाळविण्याचे यंत्र त्याने घडविले आहे. एका गृहस्थांनी त्यास पैसे देऊ केले. अटी दोन : निम्मा हिस्सा, आणि दोन वर्षांत रक्कम दामदुपटीने परत. तो विचारू लागला, "सर, हे पैसे घेऊ की नको? आणि नाही घेतले, तर पुण्याला नोकरी धरू काय?" आम्ही आयुष्यात दुकानदेखील चालविलेले नाही. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी आम्ही आमच्या एकुलत्या एका सावकाराकडे, म्हणजे इतिहासाकडे गेलो.

पहिली गोष्ट नागपूरची. जमशेटजी टाटांनी १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी स्थापून मुंबई सोडून नागपुरास कापडाची गिरणी घालावयाचे ठरविले. कापूस वऱ्हाड-वर्ध्याचा, कोळसा वरोऱ्याचा आणि रेल्वे दाराशी, असा त्यांचा हिशेब होता. जागा मिळाली ती तळ्याकाठची दलदलीची. तीत गाड्यांमागून गाड्या माती पडू लागली. नागपुरातील एका मारवाडी पेढीवाल्याकडे भांडवलासाठी विचारणा झाली होती. त्याने नकार दिला. कारण त्याच्या मते हा मनुष्य खड्डा बुजविण्यासाठी जमिनीत सोने पुरीत होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस गिरणी सुरू झाली, पुढे भरभराटीस आली आणि त्याच पेढीवाल्याने कबूल केले की, टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोने काढले. चरित्रकारांनी ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली आहे.

ती ऐकून श्रोते पेढीवाल्यास हसतात. आम्हांस तसे हसू येत नाही. त्या गृहस्थाचा व्यवहार पिकावरच्या उचलीचा आणि हुंडीचा; आज दिलेला रुपया पुढच्या हंगामात व्याजासह परत येतो, हे त्याचे घड्याळ. गिरणीचे घड्याळ निराळे होते. पहिली यंत्रे हलकी निघाली, सूत मनासारखे उतरेना, भागांची किंमत बाजारात घसरली. टाटांनी ती यंत्रे टाकून नवी आणली. रेल्वेच्या नोकरीतून आलेल्या बेजनजी मेहतांसारख्या, गिरणीचा गंधही नसलेल्या माणसाच्या हाती कारभार सोपविला आणि तो निभावू दिला. त्या पेढीवाल्याने भांडवल दिले असते, तर पहिल्या वाईट वर्षीच त्याने ते परत मागितले असते, असे आम्हांस वाटते. म्हणजे त्याच्या नकाराने त्याचे नुकसान झाले असेल. गिरणीचे मात्र कदाचित हितच झाले. नको त्या घड्याळाचा पैसा मिळण्यापेक्षा न मिळालेला बरा, हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट आमच्या गोंदियाची. १८८०च्या सुमारास नागपूर-छत्तीसगड रेल्वे या बाजूने पूर्वेकडे सरकली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती आपल्याकडे घेतली. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुडा ओलांडून जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग येथून निघाला. जंगलात तेंदूची पाने होतीच. गुजरातेतून आलेल्या कुटुंबांनी जबलपुरापासून या मुलखापर्यंत विडीचा धंदा उभा केला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. यंत्र नाही, चिमणी नाही, मोठी इमारत नाही. उन्हाळ्यात पाने घ्यावयाची, गुजरात किंवा निपाणीकडून तंबाखू आणावयाची आणि दोन्ही सट्टेदाराच्या हाती द्यावयाची. तो ती घरोघर वाटतो. बाया ओट्यावर बसून विड्या वळतात. हजारी हिशेबाने मजुरी मिळते. मग भट्टी, बंडल, लेबल आणि रेल्वे. भांडवल यंत्रांत अडकून पडत नाही. ते फिरते, आणि काही महिन्यांत घरी येते. त्या पेढीवाल्यास हा धंदा एका क्षणात समजला असता.

अशा धंद्याने गोंदियास पैसा दिला, हजारो घरांत चूल पेटविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु येथे वाट कोण पाहत होते? पाने कमी पडली, तंबाखू हलकी निघाली, तरी हजाराची भरती विडीवालीनेच करावयाची. तपासणीत विड्या छाट म्हणून बाजूस काढल्या, तर तितकी मजुरी बुडाली. बाजार मंदावला की काम बंद. कारखाना रिकामा राहिल्याचा तोटा कोणास नाही, कारण कारखाना म्हणजे तिचेच घर. धंद्यातील धोक्याचा भार वाहणारी व वाट पाहणारी ती होती. मार्शलच्या हिशेबाने व्याज तिला मिळावयास हवे होते. तिला कायद्याचे संरक्षण मिळावयास १९६६चा विडी व सिगार कामगारांचा कायदा यावा लागला, आणि कल्याण-निधीचा कायदा त्यानंतर दहा वर्षांनी झाला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विडीच्या व्यापारात मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि या मागास भागात महाविद्यालये निघाली. महाविद्यालयाचे फळ एका हंगामात येत नाही. पिढी जावी लागते. जो पैसा धंद्यात महिन्यांच्या हिशेबाने फिरला, तोच शिक्षणात पिढ्यांच्या हिशेबाने थांबला. धीर या गावात नव्हता असे नव्हे. तो देणगीत होता, उद्योगात नव्हता. धानाच्या गिरण्या निघाल्या, त्याही धान घेऊन तांदूळ विकण्याच्या, हंगामी हिशेबाच्याच. यंत्र घडविणारा, चुकणारा आणि पुन्हा घडविणारा कारखानदार आमच्याकडे विरळा राहिला, याचे एक कारण आम्हांस येथे दिसते.

मग उद्योगात थांबणारा पैसा असतो कसा? त्यासाठी औंधास जावे लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या तंत्रशाळेत शिकविले, बढतीत डावलले गेल्यावर ती नोकरी सोडली, बेळगावात बंधूंसह सायकली विकल्या, कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर विकावयास दोन वर्षे लागली. इतक्यात गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलाविले. कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेली बत्तीस एकर पडीक जमीन दिली आणि बिनव्याजी कर्ज दिले. १९१०च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. तेव्हा लक्ष्मणराव चाळिशीत होते.

या व्यवहारात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, पैसा देणाऱ्याने माणूस आधी पाहिला होता. लक्ष्मणरावांचे हात औंधच्या बांधकामावर काम करताना त्याने पाहिले होते. दोन, मागणाऱ्याजवळ कल्पना नव्हती, विकला गेलेला नांगर होता. नाव ठेवणारे गिऱ्हाईक आणि वापरणारे गिऱ्हाईक, दोन्ही त्याने भोगले होते. तीन, नांगराची परीक्षा वर्षातून एकदा, नांगरणीच्या वेळी होते, हे शेतकऱ्यांच्या राजास कोणी समजावून सांगावे लागले नाही. पैशाचे घड्याळ आणि नांगराचे घड्याळ एकच निघाले.

कोणी म्हणेल, राजे गेले. आता असा पैसा कोठून यावा? आजकाल 'स्टार्टअप' म्हणून नव्या उद्योगांचा गाजावाजा आहे. केंद्र सरकारने २०१६ साली त्यासाठी मोहीमच काढली. व्हेंचर कॅपिटलवाल्यांचे फंड आहेत. पण त्या फंडांची मुदत बहुधा दहा वर्षांच्या आसपास असते, आणि फंड चालविणाऱ्यानेही तो पैसा दुसऱ्याकडून घेतलेला असतो. म्हणजे तुमच्यासमोर बसलेला हसतमुख गृहस्थ स्वतःही कोणाचा तरी ऋणको आहे. त्यास दहांतला एखादा उद्योग फार मोठा झालेला हवा असतो. नऊ बुडाले तरी चालतात. तुमच्याजवळ मात्र नऊ आयुष्ये नसतात. त्यात त्याचा दोष नाही. पण हे गणित मागणाऱ्याने आधी समजून घेतले पाहिजे.

आणि थांबणारा पैसा पाहावयास औंधासच गेले पाहिजे असेही नाही. आमच्या विद्यार्थ्याच्याच तालुक्यात नवेगाव बांधचे विस्तीर्ण तळे आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. कोहळी हे तळी बांधणारे लोक. गोंड राजांच्या काळी जो तळे बांधील त्यास त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन द्यावी, अशी रीत होती म्हणतात. या कराराकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहा. राजाने रोकड दिली नाही, व्याज मागितले नाही, मुदतही घातली नाही. बांधणाऱ्याचा हिस्सा त्याच्या कामाच्या यशाएवढाच : पाणी जितके दूर पोहोचेल, तितकी त्याची जमीन. म्हणून बांध पक्का बांधण्यात आणि वर्षानुवर्षे गाळ काढण्यात त्याचेच हित होते. पुढे मालगुजार आले; त्यांच्या जुलमाच्या हकिकतीही खोट्या नाहीत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण तळी सरकारकडे गेली आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या भाषेत 'मामा तलाव', गाळाने भरू लागले. ज्याचा हिस्सा नाही, तो वाट पाहत नाही.

हे सर्व मनात घोळवून आम्ही त्या तरुणास पुन्हा बोलावले आणि एवढेच विचारले, "तुझ्या यंत्राची परीक्षा वर्षातून किती वेळा होते?" तो म्हणाला, "खरिपात एकदा. उन्हाळी धान असेल तिथं आणखी एकदा." "आणि यंत्र बिनचूक व्हायला किती परीक्षा लागतील?" त्याने बोटे मोजली. "पाच-सहा तरी लागतील, सर." म्हणजे तीन वर्षे, आणि तीही पाऊस नीट पडला तर. दोन वर्षांत दामदुपटीचा पैसा त्यास तिसरी-चौथी चूक करू देणार नव्हता; आणि जो पैसा चूक करू देत नाही, तो यंत्र घडू देत नाही. मग तो तोटा कोणाच्या तरी माथी टाकावा लागतो. विडीच्या धंद्यात तो कोणाच्या माथी पडला, हे त्याच्या आजीस ठाऊक आहे. तिने तीस वर्षे विड्या वळल्या.

तेव्हा आम्ही त्यास सांगितले ते थोडक्यात असे. पैसा मागण्यापूर्वी आपल्या धंद्याचे घड्याळ पाहा, मग देणाऱ्याचे पाहा. दोन्ही जुळत नसतील तर रक्कम कितीही मोठी असो, नमस्कार करून ये. नोकरी धरण्यात कमीपणा नाही. लक्ष्मणरावांनीही धरली होती. पगारातून पहिली दोन यंत्रे कर, ती ओळखीच्या शेतकऱ्यास भाड्याने दे, त्याच्या शिव्या लिहून ठेव. हिस्सा द्यावयाचा झाला तर तळ्याच्या रीतीने दे : पाणी पोहोचेल तितकी जमीन, आधी नाही. आणि तुझ्यासाठी वाट पाहणारा जो कोणी असेल, मग तो गडी असो, भाऊ असो वा पहिले यंत्र घेणारा शेतकरी, त्याचे व्याज वहीत पहिल्या ओळीवर मांड.

त्याने ते पैसे घेतले नाहीत. तो पुण्यास नोकरीस गेला आहे. भात कापणीच्या महिन्यात रजा टाकून येतो आणि नवेगावच्या बाजूस एका शेतकऱ्याच्या खळ्यावर यंत्र लावतो. पहिल्या वर्षी धान करपले. दुसऱ्या वर्षी वाळले, पण भरडताना कणी फार पडली. यंदा तिसरे वर्ष. त्याची आजी खळ्याच्या कडेस बसून असते, आणि कोणी विचारले तर सांगते की पोराचे यंत्र अजून शिकते आहे.