अमावस्या दोघांना भरते

तुमची गाडी अटल सेतूवरून न्हावा-शेव्याच्या बाजूला निघाली आहे. जुलैचा पाऊस काचेवर बदाबदा आपटतोय आणि वायपर हात टेकायच्या बेतात आहे. 21.8 किलोमीटरचा पूल, त्यामुळे आपल्याकडे थोडा वेळ आहे. स्टिअरिंग दुसऱ्या कुणाच्या हातात आहे ना? मग मिटा डोळे. साठेक वर्षं मागे जाऊ.

आता उघडा. पण पाय हलवू नका.

गुडघाभर चिखलात उभे आहात तुम्ही. चिखल कोमट, लोण्यासारखा मऊ, आणि त्याला नासक्या अंड्याचा वास. पाय उपसायला गेलात तर चप्पल आत राहील. राहिलीच बघा. तिवरांची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात, तळव्याला टोचतात, तेव्हा पाऊल तिरकं टाका. क्रेन शोधू नका, इथलं बंदर सुरू व्हायला 1989 साल उजाडायचं आहे. मागे पावसात बुडालेले मिठागरांचे बांध, समोर घारापुरीचं बेट, तेही पुसून टाकल्यासारखं.

"पावना, झोपलास का रं? होरी ढकल!"

हा दादूस. कमरेला रुमाल, डोक्यावर पानांचं इरलं. सोबत त्याचे दोन पुतणे, दोघेही उघडे आणि दोघेही हसताहेत, बहुधा तुमच्या पँटला. होडी जेमतेम बारा हातांची. तिला खांदा लावलात की नाकात मुशीच्या तेलाचा वास घुसतो आणि आठवडाभर निघत नाही. लाकूड टिकावं म्हणून ते तेल चोपडलेलं असतं, त्याला इलाज नाही.

एवढ्या पावसात ही मंडळी निघालीत कशासाठी? आज आषाढातली अमावस्या. उद्यापासून श्रावण, घरात महिनाभर चूल सोवळी. समुद्र बंद आहे. मोठ्या होड्या झापांखाली काठावर झोपल्यात, घरात सुके बोंबील आणि जवळा तेवढा उरलाय. पण खाडी बंद होत नाही. शिवाय जुनी माणसं सांगतात की पौर्णिमेची चिंबोरी पोकळ आणि अमावस्येची गच्च भरलेली. आजची धरपकड बाजारासाठी नाही. घरच्या टोपासाठी आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मी हौसच आहे.

दादूसकडे घड्याळ नाही. तो तिथीची पाऊणपट करतो. अमावस्या पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. साधारण त्या सुमारास पाणी पुरतं भरणार. मघाशी ओहोटी होती, आता पाणी आत शिरायला लागलंय. चिंबोऱ्या बिळातून निघून पाण्याबरोबर तिवरांत चरायला येतात. आपण त्यांच्या वाटेवर जेवण मांडायचं.

ते जेवण तुमच्या मांडीशेजारच्या डब्यात आहे. कालच्या वामीचे तुकडे. झाकण उघडू नका म्हणालो होतो ना?

फग, म्हणजे खेकड्यांचा सापळा, सोपा असतो. लोखंडी कडं, त्याला सुती जाळ्याची उथळ झोळी, मधोमध बांधलेला वामीचा तुकडा. कड्याच्या तीन दोऱ्या वर एका काथ्याच्या दोराला मिळतात आणि दोराच्या टोकाला हलक्या लाकडाचा बोया. तिवरांच्या कडेकडेने एकेक फग सोडत जायचं. दहा सोडून झाले की पहिल्याकडे परत.

तोवर फक्त बसायचं. पाऊस आता वरून पडत नाही, बाजूने येतो. थेंब गालाला लागतात. कानात वाऱ्याचा घूं आवाज, बुडाशी पाण्याची चुळूकचुळूक, आणि पुतण्यांची अखंड बडबड. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्यात. मिशी असेल तर ती खारट लागेल.

"खेच!"

दोर सावकाश नाही, एका दमात ओढायचा. रेंगाळलात तर चिंबोरी कड्यावरून उतरून चालायला लागते. तुमचे तळहात काथ्याने सोलून निघतात, कडं पाण्यातून वर येतं आणि झोळीत ती बसलेली असते. काळपट हिरवी, पसरल्या पंजाएवढी, दोन्ही डेंगे उगारून. पळायच्या विचारात ती दिसत नाही. तुम्हीच मागे सरकता.

दादूस वल्ह्याच्या पात्याने तिची पाठ दाबतो, मागून धरतो आणि सुतळीने डेंगे आवळतो. मोकळ्या टाकल्या तर टोपलीत त्या एकमेकींचेच डेंगे मोडतात. मग उलटी करून पोट दाखवतो. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद आणि गोल असेल तर मादी. तो पायाचा मुळाजवळचा भाग अंगठ्याने दाबून बघतो. दबला तर चिंबोरीने नुकतीच कात टाकलेली असते, आत मांसापेक्षा पाणी जास्त. ती परत खाडीत. ही दबत नाही. टोपलीत.

तिसऱ्या फगाला तुम्ही शहाणे होता आणि हात घालता. पुढचं सांगायला नको. करंगळी डेंग्यात, तोंडातून निघालेला आवाज पार मिठागरापर्यंत.

"खेचू नको! पाण्यान बुरव हात!"

बुडवा. हलवू नका. ओढाल तितकी ती आवळते. पाण्यात गेली की तिला सुटकेची वाट दिसते आणि ती बोट सोडते. लागलेलं रक्त चोखू नका, त्याच हाताने वाम बांधली होती.

टोपलीत अकरा झाल्या. तिवरांची खोडं दिसेनाशी झालीत, नुसते शेंडे पाण्यावर डोलताहेत. पावसाळ्यातल्या उधाणाला इथली भरती साडेचार मीटरच्या वर जाते, हे तुम्ही वाचलं होतं. आता ते बसल्या जागी दिसतंय. शेवटचा फग राहिलाय, थोडा लांब. तुम्ही म्हणता, एवढा एक काढूया. दादूस आभाळाकडे बघतो, काढूया म्हणतो, आणि तिथेच चुकतो.

फगात चिंबोरी नसते. तेवढ्या वेळात पाणी फिरतं. आता खाडी बाहेर धावतेय आणि वारा समुद्रावरून आत येतोय. दोघं समोरासमोर भिडले की लाटा लांबट राहत नाहीत, भिंतीसारख्या उभ्या होतात. होडीचं नाक वर जातं, धप्पकन आपटतं, पाणी मांडीवर येतं. आता कुणी हसत नाही. दोघं पुतणे वल्ह्यांवर, दादूस मागे, आणि तुमच्या हातात वामीचा रिकामा डबा. उपसा. डबा भरा, बाहेर टाका, भरा, टाका. पायाशी टोपली लवंडते आणि डेंगे बांधलेल्या चिंबोऱ्या तुमच्या घोट्यांवरून फिरतात. तुम्हाला त्यांचं काही वाटत नाही.

काठाला लागता तेव्हा पुतण्यांच्या हातांना कंप सुटलेला असतो. दादूस एवढंच म्हणतो, "शेवटचा काराला नको होता." तुमच्याकडे न बघता म्हणतो, हा त्याचा मोठेपणा.

घरात धूर, ओल्या लाकडांचा. पाट्यावर बारीक पाय ठेचले जाताहेत. त्यांचा रस गाळून कालवणात जाणार. मादी उघडली की आत केशरी लाख. तांदळाची भाकरी, तोंडाला पाणी आणि डोळ्यांनाही, मसाला तसाच आहे. डेंगा दाताखाली फोडा. जुनी माणसं खरं बोलली होती, गच्च भरलीय.

मिटा डोळे. टोलनाका आला.

करंगळी दुखतेय का? दुखू द्या. बाजारात चिंबोरी घेताना तिथी बघायची सवय असेल तर खुशाल ठेवा. मात्र कधी हौसेने छोट्या होडीत बसलात, तर तिथीची पाऊणपट आधी करा. जी अमावस्या चिंबोरी भरते म्हणतात, तीच खाडीही भरते. पाणी फिरायच्या आत काठावर या, शेवटचा फग तिथेच राहिला तरी चालेल.