दारूचे शिंग

शीर्षक वाचून कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगून टाकतो. ही दारू बंदुकीची आहे. पिण्याच्या दारूवर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत.

इतिहास म्हटला की आपल्यापुढे कागद येतात. बखरी, फर्मानं, तहनामे, जमाखर्चाच्या वह्या. पण हे कागद लिहिले कुणी? ज्यांच्या पदरी कारकून होते त्यांनी. प्रत्यक्ष लढाईत उभा राहिलेला शिपाई काय म्हणत होता, हे आपल्याला क्वचितच कळते. त्याचे नाव फार तर हजेरीपटावर सापडते, आणि तेही चुकीचं लिहिलेलं! अठराव्या शतकातल्या अमेरिकेत मात्र एक नवलाची गोष्ट घडली. तिथल्या साध्या शिपायाने आपलं नाव, गाव आणि वर्ष लिहून ठेवलं, आणि तेही कागदावर नव्हे, बैलाच्या शिंगावर. अशी शेकडो शिंगं आज तिथल्या संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. इतकंच नव्हे, तर तशीच शिंगं हाताने घडवणारे कारागीर आजही तिथे आहेत.

हे शिंग कशासाठी, ते समजायला त्या काळची बंदूक डोळ्यांपुढे आणायला हवी. ती ठासणीची बंदूक. आजच्यासारखं तयार काडतूस तिच्यात मागून घालता येत नसे. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी, मग गजाने ठासायचं. बंदुकीचा कान, म्हणजे बाजूचं बारीक भोक, त्याच्याशी चिमूटभर रंजक घालायची. चाप ओढला की चकमकीची ठिणगी रंजकेवर पडे आणि आतली दारू पेट घेई. ब्रिटिशांच्या कवायती फौजेला कागदी पुड्यांत दारू-गोळी बांधून मिळे. पण वसाहतीतला शेतकरी किंवा लोहार मिलिशियात दाखल झाला, की तो बहुधा घरची बंदूक आणि घरचं शिंग खांद्याला अडकवूनच निघे.

शिंगच का? कारण त्यात पाणी शिरत नाही, आपटलं तर ठिणगी उडत नाही, वजन फुलासारखं, आणि त्याचा बाक माणसाच्या कुशीला बरोबर बसतो. फिकट रंगाचं शिंग तासून पातळ केलं, तर उजेडात धरून आत दारू किती उरली तेही दिसतं. शिवाय जिथे फौजेसाठी गुरं कापली जात तिथे शिंगांना तोटा कसला?

आता घडवण्याची रीत पाहू. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. शिंग काही आठवडे सुकू दिलं किंवा उकळलं, की तो सुटून येतो. मग एक वाकडी तार आत घालून पोकळी कुठवर आहे ते मोजायचं, कारण टोकाकडे शिंग भरीव असतं. हे माप चुकलं की काम फसलं! टोक करवतीने कापून त्यातून पोकळीपर्यंत भोक पाडायचं. ते भोक तिरकं जाऊन बाजूने बाहेर आलं, तर शिंग फुकट. मग कानशीने खरवड काढून, धारदार पात्याने तासत तासत ते पातळ करायचं. निमुळत्या गळ्याशी एक उंचवटा राखायचा, म्हणजे पट्ट्याची दोरी तिथे अडकते. रुंद तोंड बहुधा लंबगोल असतं. ते गरम पाण्यात मऊ करून त्यात लाकडाचा शंकू दाबून बसवायचा, की तोंड गोल होतं. तिथे लाकडाची गुडदी ठोकून, बारीक खुंट्यांनी पक्की करून फटी मेणाने बुजवायच्या. टोकाला लाकडी बूच. यात कुठलाही भाग अवजड यंत्राचा नाही. चाकू, करवत, कानस, सामता आणि धीर एवढं भांडवल पुरतं.

जाणते लोक शिंगातली दारू थेट नळीत कधी ओतत नाहीत. आधीच्या बाराचा एखादा निखारा नळीत उरला असेल, तर सगळं शिंग हातात फुटायचं! म्हणून दारू आधी एका लहानशा मापात घ्यायची आणि मग नळीत.

शिंग तयार झालं, की छावणीतले रिकामे दिवस पुढे असतच. चाकूच्या टोकाने त्यावर कोरायचं आणि रेघांत तेलात कालवलेली काजळी चोळायची, की अक्षरं काळी उठून दिसतात. कुणी किल्ला काढी, कुणी जहाज, कुणी हडसन नदीचा सबंध नकाशा, वाटेवरच्या ठाण्यांसकट. छापील नकाशे दुर्मिळ होते त्या काळात! स्पेलिंगचा मात्र आनंद असे. कित्येक शिंगांवर इंग्रजी ‘एन’ हे अक्षर उलटं कोरलेलं आढळतं. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका त्यामानाने बऱ्या म्हणायच्या.

या शिंगांवर १७५५ ते १७६३ हा काळ वारंवार दिसतो. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातल्या झुंजीचा तो काळ. त्यातलाच एक कारागीर जॉन बुश. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावचा हा कृष्णवर्णीय माणूस मिलिशियात शिपाई होता. १७५५-५६ च्या सुमारास लेक जॉर्जच्या काठच्या छावणीत त्याने सोबत्यांसाठी शिंगं कोरली. त्याचं अक्षर इतकं डौलदार, की पुढच्या कारागिरांनी त्याचंच वळण गिरवलं. ऑगस्ट १७५७ मध्ये तिथला फोर्ट विल्यम हेन्री फ्रेंचांच्या हाती पडला. बुश कैद झाला आणि पुन्हा घरी आला नाही. ज्या समाजात त्याच्या वर्णाच्या माणसांना विकलं जात होतं, त्या समाजातल्या अधिकाऱ्यांची नावं आज आपण त्याच्या हस्ताक्षरात वाचतो.

त्याच वर्षी जूनमध्ये इकडे पलाशीची लढाई झाली होती. हा निव्वळ योगायोग नव्हे. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो, बाकी कोळसा आणि गंधक. इंग्लंडला लागणारा सोरा मुख्यतः बिहारमधून, पाटण्याकडून ईस्ट इंडिया कंपनीमार्फत जाई. पलाशीनंतर १७५८ मध्ये कंपनीने तिथल्या सोऱ्याचा मक्ताच पदरात पाडून घेतला. तेव्हा अमेरिकेतल्या शिपायाच्या कुशीला लटकणाऱ्या शिंगात इंग्लंडहून आलेली दारू असेल, तर तिच्यात बिहारच्या नोनिया लोकांनी माती धुऊन काढलेलं मीठ असण्याचा संभव मोठा. त्या नोनियांनी मात्र कशावरही आपलं नाव कोरून ठेवलेलं नाही.

१७७५ साली स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा शिंगं पुन्हा बाहेर निघाली. एकोणिसाव्या शतकात धातूचं काडतूस आलं आणि शिंग खुंटीवर गेलं. तिथून ते कचऱ्यातच जायचं. पण त्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या कानाजोहारीच्या रूफस ग्रायडर नावाच्या चित्रकला-शिक्षकाने घरोघर फिरून शेकडो शिंगांची रंगीत चित्रं काढली. गोल शिंगावरचं कोरीव काम त्याने कागदावर पसरून दाखवलं. ही चित्रं न्यूयॉर्क शहरातल्या इतिहास-संस्थेच्या संग्रहात आहेत. १९४५ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे शस्त्रविभागप्रमुख स्टीफन ग्रॅन्क्से यांनी या शिंगांवर ग्रंथच प्रसिद्ध केला.

मधल्या काळात, १९३३ मध्ये, ठासणीच्या बंदुकीच्या शौकिनांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी तिच्या नेमबाजीच्या स्पर्धा भरतात. जुनी बंदूक हाती आली की जुनं शिंगही हवंच. आणि खरं पुराणं शिंग कोण वापरायला काढणार? त्यामुळे नवे कारागीर तयार झाले. कानस तीच, मेण तेच. हौशी मंडळी पिवळी झाक आणायला कांद्याच्या सालीही उकळतात.

इथे एक अडचण उभी राहते. नवं शिंग जितकं हुबेहूब, तितका लबाडीला वाव अधिक. जुनं कोरं शिंग घ्यायचं, त्यावर १७५७ चा आकडा आणि एखादं नाव कोरायचं, आणि पुराणवस्तू म्हणून विकायचं, हा उद्योग झालेला आहे. पारखी माणूस भिंगातून रेघा पाहतो. शिंगाला किड्याने पाडलेल्या भोकात किंवा जुन्या खरचट्यात रेघ उतरलेली दिसली, तर ती त्या इजेनंतरची. जुनी रेघ हाताळणीने झिजून तिच्या कडा मऊ झालेल्या असतात, नवी कडा बोटाला लागते. हे नुसत्या पुस्तकावरून कळत नाही. ज्याने स्वतः शिंग तासलंय, त्याचं बोट अशा वेळी विद्वानाच्या चष्म्यापेक्षा अधिक सांगतं. म्हणून अशा हौशी लोकांना हसणाऱ्या पंडितांशी माझं जमत नाही.

मात्र नव्या शिंगावर जुन्या शिपायाच्या चुका, तो उलटा ‘एन’सुद्धा, मुद्दाम उतरवणं मला रुचत नाही. ती चूक त्या शिपायाची होती. आजचे अनेक प्रामाणिक कारागीर शिंगावर आपलं स्वतःचं नाव कोरतात आणि खाली चालू वर्ष घालतात.