जुन्या मौल्यवान घड्याळांची अस्सलता : ओमेगा स्पीडमास्टरच्या संदर्भात साधनचिकित्सा

प्रस्तावना

साधन अस्सल की बनावट, हा इतिहासलेखनातील पहिला प्रश्न होय. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून साधनचिकित्सेचे महत्त्व महाराष्ट्रातील अभ्यासकांना परिचित आहे. कागद, शाई, शिक्का व वळण यांची तपासणी म्हणजे बाह्यांग परीक्षण आणि मजकुराची तपासणी म्हणजे अंतरंग परीक्षण. वस्तुरूप साधनांना ही पद्धती कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात जुन्या मनगटी घड्याळांच्या आधारे केला आहे. घड्याळ हे शंभराहून अधिक सुट्या भागांचे बनलेले असते आणि वापरात ते भाग बदलले जातात. त्यामुळे येथे अस्सलतेचा प्रश्न कागदपत्रापेक्षा अधिक गुंतागुंतीचा होतो.

स्पीडमास्टरची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडमधील ओमेगा कंपनीने १९५७ मध्ये 'स्पीडमास्टर' हे कालमापक घड्याळ बाजारात आणले. सीके २९१५ या पहिल्या मॉडेलचा तासकाटा रुंद बाणासारखा होता. काचेभोवतीच्या पोलादी कडीवर वेगमापनाची पट्टी कोरलेली होती आणि आत ३२१ क्रमांकाची यंत्रणा होती. १९५९ च्या सीके २९९८ मध्ये कडीवर काळी पट्टी आली व काट्यांचा आकार बदलला. १ मार्च १९६५ रोजी नासाने हे घड्याळ मानवी अंतराळमोहिमांसाठी पात्र ठरविले आणि जुलै १९६९ मध्ये ते चंद्रावर पोहोचले. १९६८ पासून ३२१ ची जागा ८६१ या यंत्रणेने घेतली. आरंभीच्या घड्याळांना आज मिळणारी किंमत या इतिहासामुळे आहे. बनावटीचे प्रलोभनही त्यातूनच निर्माण झाले.

भागांची कालनिश्चिती

अंधारात चमकणारा लेप हा कालनिश्चितीचा महत्त्वाचा पुरावा होय. १९५० च्या दशकात तबकडीवर व काट्यांवर रेडियमयुक्त लेप लावीत. पुढे रेडियम धोकादायक ठरल्याने १९६० च्या दशकात ट्रिटियम आले व तबकडीच्या तळाशी 'टी' हे अक्षर छापले जाऊ लागले. १९९० च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेले लेप रूढ झाले. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे, तर ट्रिटियमचे सुमारे १२.३ वर्षे आहे. मात्र रेडियमच्या माऱ्याने लेपातील चमकणारा पदार्थच निकामी होतो. म्हणून १९५७ ची मूळ तबकडी आज अंधारात चमकत नाही, पण गायगर गणित्राजवळ नेताच किरणोत्सर्गाची नोंद होते. ती अंधारात दीर्घकाळ तेजाने चमकत असेल, तर लेप उत्तरकालीन समजावा. तबकडीवरील लेप पिवळसर-तपकिरी आणि काट्यांवरील पांढराशुभ्र असेल, तर काटे नंतर बसविलेले असण्याचा संभव अधिक. त्याचप्रमाणे कवचाच्या कडा वारंवारच्या पॉलिशमुळे बोथट झाल्या आहेत काय आणि यंत्रणेचा अनुक्रमांक मॉडेलच्या काळाशी जुळतो काय, हेही पाहावे लागते.

दुरुस्ती आणि लबाडी यांतील भेद

बदललेला प्रत्येक भाग लबाडीचा निदर्शक नसतो. घड्याळ हे मुळात वापरण्याचे साधन होते. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातही जुने काटे काढून त्या काळी उपलब्ध असलेले नवे काटे बसवीत. भारतातील दमट हवेत डागाळलेली तबकडी पुन्हा रंगवून घेणे ही ग्राहकाची स्वाभाविक गरज होती आणि घड्याळजी ती पुरवीत असत. मात्र पुढे अशीच रंगविलेली घड्याळे मूळ स्वरूपातील म्हणून विकली जाऊ लागली. भडक रंग, ओबडधोबड अक्षरे व भलत्याच मॉडेलचे काटे असलेल्या अशा घड्याळांना संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' हे नाव पडले. कृती एकच असली तरी हेतू व कथन बदलताच तिचे स्वरूप बदलते. दोष दुरुस्तीत नसून ती लपविण्यात आहे.

२०२१ चा लिलाव

नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हा येथील फिलिप्सच्या लिलावात सीके २९१५-१ मॉडेलचे एक घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला विकले गेले. पूर्वअंदाज ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँकांचा होता. त्याची तबकडी काळानुरूप तपकिरी झालेली होती आणि सोबत कंपनीच्या अभिलेखागाराचा उताराही होता. ते ओमेगाच्याच संग्रहालयासाठी घेतले गेले. जून २०२३ मध्ये मात्र ते वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांची जुळणी असल्याचे उघड झाले. भाग बहुतांशी ओमेगाचेच होते. या प्रकरणात तीन माजी कर्मचाऱ्यांचा सहभाग असल्याचे कंपनीने जाहीर केले.

या प्रकरणाने वरील कसोट्यांची मर्यादा स्पष्ट केली. त्या प्रत्येक भागाचा काळ सांगतात, पण ते भाग आरंभापासून एकत्र होते काय, हे सांगत नाहीत. अभिलेखागाराचा उताराही विशिष्ट क्रमांकाचे घड्याळ तयार झाल्याचे सिद्ध करतो, समोरची वस्तू तीच असल्याचे नव्हे. याउलट अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. न्यूमन यांनी ते १९८४ मध्ये आपल्या कन्येच्या मित्राला दिले होते आणि विक्रीपर्यंत ते त्याच्याकडेच होते. तेथे मालकीची साखळी अखंड होती.

निष्कर्ष

१. भागाची अस्सलता व संपूर्ण वस्तूची अस्सलता हे स्वतंत्र प्रश्न असून पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही.

२. बदललेल्या भागांची प्रांजळ नोंद असलेले घड्याळ हे विश्वसनीय साधन ठरते. निर्दोष दिसणारे पण पूर्वेतिहास नसलेले घड्याळ अधिक संशयास्पद मानावे.

३. मूळ पावत्या, दुरुस्तीच्या नोंदी, जुनी छायाचित्रे व मालकीचा क्रम यांना भौतिक तपासणीइतकेच महत्त्व द्यावे लागते.

४. साधनाचा रक्षक व त्याच्या अस्सलतेचा साक्षीदार एकच असेल, तर त्रयस्थ परीक्षण अनिवार्य ठरते. २०२१ च्या व्यवहारात उत्पादक, अभिलेखागार व ग्राहक एकाच छताखाली होते. हा धडा अभिलेखागारांत काम करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकासाठी आहे.