काळा उंदीर
कृंतक गणाच्या म्यूरिडी कुलातील सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव रॅटस रॅटस. नाव काळा असले तरी आपल्याकडे तो बहुधा तपकिरीच दिसतो. शेपटी शरीरापेक्षा लांब, कान मोठे व पातळ. घुशीशी त्याची गल्लत करू नये: घूस जमीन पोखरते, हा आढ्यावर, माळ्यावर, माडाच्या शेंड्यावर राहतो आणि कोवळे नारळ कुरतडतो. तो निशाचर व सर्वभक्षी असून नव्या वस्तूकडे संशयाने पाहतो. म्हणून नवा पिंजरा काही दिवस रिकामाच राहतो. गर्भावधी सुमारे 21–23 दिवस.

मूळचा भारतीय उपखंडातला हा उंदीर जहाजांतून जगभर पसरला. रोमन काळात तो युरोपात होता. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा घरात उंदीर मरून पडू लागले की लोक घर सोडत. उंदरावरील पिसवा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले.

बेटांवर तो अधिक घातक ठरला. 1918 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटाजवळ ‘मकाम्बो’ जहाज रुतले, त्यातून उंदीर उतरले आणि काही वर्षांतच तेथील पाच स्थानिक पक्षी नामशेष झाले.