हवाई छत्रीची कुळकथा

आपल्या पिढीच्या मराठी माणसाला ‘पॅराशूट’ म्हटलं की आधी खोबरेल तेलाची निळी बाटली आठवते. थंडीत गोठलेली, उन्हात ठेवलेली, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात बुडवलेली. त्या बाटलीच्या नावाचा आभाळातून उडी मारण्याशी काही संबंध असेल, हे लहानपणी कुणाच्या डोक्यात येणार? जर्मन माणूस मात्र शब्दांच्या बाबतीत सरळसोट. पावसाची छत्री ती रेगेनशिर्म, आणि पडताना धरायची छत्री ती फाल्शिर्म. पडायचं आहे हे नावातच कबूल केलेलं!

कार्ल्सरूहेत राहणाऱ्यांना हे रंगीत फाल्शिर्म बघायला फार लांब जावं लागत नाही. ऱ्हाईन ओलांडून फाल्झच्या दक्षिण टोकाला, फ्रान्सच्या हद्दीजवळ श्वाइगहोफेन नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या गवताळ विमानतळाच्या बाजूला, हवा चांगली असेल त्या शनिवारी-रविवारी, मान वर करून उभं राहायचं. आधी विमानाची घरघर ऐकू येते, मग बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि एकदम आभाळात रंगीबेरंगी ठिपके फुटतात. पोरं तर हरखूनच जातात.

पण मजा बघणं वेगळं आणि आपल्याच घरातल्या कुणी ‘मी पण उडी मारणार’ म्हणणं वेगळं. इथे अठराव्या वाढदिवसाला उडीचं गुटशाइन, म्हणजे गिफ्ट कूपन, देण्याची पद्धत आहे. आमच्या कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीला वर्गातल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून असं कूपन दिलं, तेव्हा घरात दोन दिवस जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. तिच्या आईचा पुण्याहून फोन : ‘अगं, शिकायला पाठवलंय ना तुला तिकडे?’ त्या दोन दिवसांत मी या छत्रीचा इतिहास वाचायला घेतला. हा लेख त्या वाचनातूनच झाला.

सुरुवात पॅरिसची. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ नावाचा फ्रेंच माणूस बलूनमधून वर गेला, दोरी कापली आणि कापडी छत्रीखालच्या टोपलीत उभा राहून खाली आला. छत्री इतकी झोके खात होती की बघणाऱ्यांचे प्राण कंठाशी आले. हवा बाहेर पडायला वाटच नव्हती ना! पुढे छत्रीच्या माथ्याला भोक ठेवायला सुरुवात झाली आणि झोके कमी झाले. त्यानंतर शंभर वर्षं हा प्रकार जत्रेतला खेळ म्हणूनच चालला. तिकीट काढून लोक बघायला येत, आणि खरं सांगायचं तर काहीजण अपघात होईल या आशेनंही येत असावेत.

या जत्रेतूनच जर्मनीतली माझी सगळ्यात आवडती व्यक्ती पुढे आली. तिचं नाव केटं पाउलुस. १८६८ साली फ्रांकफुर्टजवळच्या झेल्हाउझेन गावात जन्मलेली, धंद्यानं शिवणकाम करणारी. हेर्मान लाटेमान नावाच्या बलूनवाल्याशी तिची ओळख झाली, ती त्याची बलूनं आणि छत्र्या शिवायला लागली, आणि शिवता शिवता स्वतःच वर जायला लागली. १८९३ साली तिनं पहिली उडी मारली. बाईनं घोड्यावर बसायचं तेसुद्धा दोन्ही पाय एका बाजूला टाकून, असा तो काळ.

पुढच्याच वर्षी, जून १८९४ मध्ये, क्रेफेल्डला दोघं एकाच बलूनमधून वर गेले. आधी केटंनं उडी मारली, तिची छत्री उघडली. लाटेमानचा बेत वेगळा होता. त्याच्या बलूनचंच कापड वर जाऊन छत्रीसारखं होणार होतं. ते झालं नाही. छत्रीखाली लटकलेल्या केटंच्या डोळ्यांदेखत तिचा होणारा नवरा खाली कोसळला. त्याच्यापासून झालेला लहानगा मुलगाही १८९५ मध्ये गेला.

इथे कुणीही शिवणयंत्र उचलून घरी गेलं असतं. केटं पुन्हा उडायला लागली. ‘मिस पॉली’ या नावानं तिनं युरोपभर खेळ केले, पाचशेच्या वर बलूनफेऱ्या आणि दीडशेच्या आसपास उड्या. पण तिची खरी कर्तबगारी धाडसात नाही, शिवणकामात आहे. तोपर्यंत छत्री बलूनच्या बाजूला मोकळी लोंबत असे. वाऱ्यानं पीळ पडला, दोऱ्या गुंतल्या, की संपलंच. केटंनं ती ठराविक पद्धतीनं घडी घालून पिशवीत बसवायची युक्ती काढली. पिशवीतून आधी दोऱ्या निघाव्यात, मग कापड, आणि तेही ओळीनं. आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको, नऊवारी पातळाची घडी कशी घातली की झटक्यात उलगडते आणि कशी घातली की गुंता होतो. सगळं शास्त्र त्या घडीत आहे. तिचा आणखी एक खेळ होता दुहेरी उडीचा : एक छत्री उघडायची, थोडं खाली यायचं, ती तोडून टाकायची, परत मोकळं पडायचं आणि दुसरी उघडायची. लोकांना तो अचाट तमाशा वाटे. आज जगातल्या प्रत्येक उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, आणि पहिली नीट उघडली नाही तर ती तोडून दुसरी उघडायची हा पहिल्या दिवसाचा धडा असतो. जत्रेतला तमाशा असा सुरक्षिततेचा नियम झाला.

पहिल्या महायुद्धात टेहळणी बलूनमध्ये बसलेल्या जर्मन सैनिकांसाठी केटंनं बर्लिनच्या कारखान्यात सुमारे ७००० छत्र्या तयार केल्या. १९१७ साली त्याबद्दल सरकारनं पदक दिलं. पुढे चलनफुगवट्यात तिची पुंजी बुडाली आणि १९३५ मध्ये ती बर्लिनमध्ये वारली.

दुसऱ्या महायुद्धात छत्री सैन्याची झाली, तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे आणि फारसा आनंदाचा नाही. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मनांच्या उडण्यावरच बंदी घातली. ती टप्प्याटप्प्यानं उठली ती पन्नासच्या दशकात. तोवर बाहेर हा खेळ झाला होता. पहिली जागतिक स्पर्धा १९५१ साली युगोस्लाव्हियात ब्लेडला भरली. १९६४ साली ही स्पर्धा आपल्याच बाडेन-व्युर्टेम्बेर्गमधल्या लॉइटकिर्शला झाली आणि १९६६ साली पूर्व जर्मनीत लाइपझिगला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसं आभाळातून उड्या मारत होती, फक्त एकमेकांच्या अंगणात उतरायची सोय नव्हती.

तेव्हाची छत्री गोल असे, वारा नेईल तिकडे जाणारी, आणि जमिनीवर आदळताना पाय मोडणं नवलाचं नसे. साठच्या दशकात अमेरिकेत डोमिना जाल्बर्टनं हवा भरून पंखासारखं फुगणारं चौकोनी कापड काढलं, आणि छत्रीचा पतंग झाला. ती वळवता येते, ब्रेक लावता येतो, शेवटच्या क्षणी दोन पावलं चालत उतरता येतं. ऐंशीच्या दशकात टँडेम आली, म्हणजे शिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन पाहुण्यानं मारायची उडी. गुटशाइनवाली उडी ती हीच. साधारण ४००० मीटरवरून बाहेर पडायचं, मिनिटभर ताशी २०० किलोमीटरच्या वेगानं पडायचं, मग छत्रीखाली पाच-सात मिनिटं तरंगत खाली.

आता आईवर्गाच्या प्रश्नाकडे येतो. माणूस हवेत बेशुद्ध पडला, घाबरला, वेळेचं भान सुटलं, तर काय? हाच प्रश्न हेल्मुट क्लोट या जर्मन माणसाला पडला होता, कारण १९८६ मध्ये त्याचा मित्र असाच गेला होता. क्लोटनं नोकरीधंद्याइतक्याच चिकाटीनं त्यावर काम केलं आणि १९९१ साली सिप्रेस नावाचं यंत्र बाजारात आणलं. सिगारेटच्या पाकिटाएवढं. ते सतत हवेचा दाब मोजतं. जमिनीपासून साधारण २२५ मीटरवर आल्यावरही माणूस सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगानं पडतो आहे असं दिसलं, तर राखीव छत्रीची पिशवी बंद ठेवणारी दोरी ते आपणहून कापतं. बस्स, एवढंच. बाड व्युनेनबेर्ग नावाच्या आडगावात तयार होणारं हे यंत्र जगभर पोचलं आणि कितीतरी माणसं त्यामुळे घरी परत गेली.

यंत्र असलं तरी ते चालू करावं लागतं. जर्मनीत जुने असलेले वाचक ५ जून २००३ विसरले नसतील. माजी उपचॅन्सेलर युर्गेन म्योलेमान हे निष्णात उडीबाज. त्या दिवशी मार्लला त्यांची मुख्य छत्री उघडली, मग सुटली, आणि राखीव उघडलीच नाही. त्यांचं स्वयंचलित यंत्र चालू नव्हतं. अपघात की आत्महत्या, हे चौकशीतूनही निर्विवाद ठरलं नाही. धोका शून्य आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण उडी मारणारी माणसं बेफिकीर असतात हा समजही तितकाच चुकीचा. मी त्यांना जवळून बघितलंय. एवढी तपासातपासी आपल्याकडे लग्नात सोनं घेतानाही होत नसेल! विमानात बसण्यापूर्वी, विमानात, दारात, प्रत्येक वेळी एकजण दुसऱ्याचे पट्टे, बकला, पिना बघतो.

आणि हे सगळं चालवतो फेराइन, म्हणजे आपल्या मंडळासारखंच मंडळ. विमानात कुणी कितव्या खेपेला बसायचं त्याची यादी करणारी बाई दिवसभर फुकट राबते. कुणी ग्रिल पेटवतो, कुणी गवत कापतो. बँकेतला साहेब आणि गॅरेजमधला मेकॅनिक शेजारी शेजारी गुडघ्यावर बसून छत्रीच्या घड्या घालतात आणि एकमेकांना ‘डू’ म्हणतात. पहिली एकट्यानं मारलेली उडी, शंभरावी उडी, काहीही पहिल्यांदा केलं की बिअरचा क्रेट आणायचा असा अलिखित नियम. ढग आले की तासन्‌तास नुसतं बसायचं आणि गप्पा ठोकायच्या. खरं म्हणजे या छंदात उडण्यापेक्षा वाट बघणंच जास्त. ‘ग्ल्युक आब!’ ही शुभेच्छा बलूनवाल्यांच्या काळापासून चालत आलेली.

आपल्याकडे काय? धाडस कमी होतं असं मुळीच नाही. १८९० साली कलकत्त्यात रामचंद्र चॅटर्जी या बंगाली गृहस्थानं बलूनमधून छत्रीनं उडी मारली होती, केटं पाउलुसच्याही आधी. १९४१ मध्ये सैन्यातल्या पहिल्या भारतीय छत्रीधाऱ्यांपैकी एक होते डॉक्टर, लेफ्टनंट रंगराज. १९५९ मध्ये पहिली भारतीय महिला उतरली तीही हवाईदलातली डॉक्टर, गीता चंदा. डॉक्टरांना या उडीचं एवढं काय, कोण जाणे! आणि मराठी माणसाची छाती फुगावी अशी गोष्ट ११ डिसेंबर १९७१ ची. बांगलादेशात टांगाइलजवळ पुंगलीचा पूल घ्यायला संध्याकाळच्या उजेडात जी पलटण आभाळातून उतरली, ती दुसरी पॅरा, मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची. पाचच दिवसांनी ढाका पडलं.

पण हे सगळं सैन्य. सामान्य माणसाला शनिवारी सकाळी डबा घेऊन जाता येईल असा फेराइन आपल्याकडे उभा राहिला नाही. विमान, इंधन, परवानग्या, सगळंच महाग आणि सरकारी. त्यामुळे ज्या कुणी नागरिकानं हे केलं, त्याला पैशापासून विमानापर्यंत सगळं एकट्यानं जमवावं लागलं. रेचल थॉमस या रेल्वेतल्या बाईंनी १९७९ पासून उड्या मारल्या आणि २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उतरल्या.

मग आली आपली पुण्याची शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिनं उत्तर ध्रुवावर रशियन हेलिकॉप्टरमधून २४०० फुटांवरून उडी मारली. तापमान उणे ३७. आणि गंमत म्हणजे ही तिच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती, सरावाची एकही झाली नव्हती! इथल्या क्लबमधल्या एका जुन्या शिक्षकाला मी हे सांगितलं तर त्यानं आधी माझ्याकडे संशयानं बघितलं, मग डोक्याला हात लावला. त्याचं बरोबर आहे; इथे पहिली उडी अशी कुणी मारूच देणार नाही. पण ज्या मुलीला घराजवळ फेराइनच नाही, तिनं सराव करायचा कुठे? डिसेंबर २००६ मध्ये ती अंटार्क्टिकावर ११,६०० फुटांवरून उतरली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडला पटायाजवळ तिनं १३,००० फुटांवरून चक्क नऊवारी नेसून उडी मारली, एकदा नव्हे, दोनदा. वरून छत्रीचे पट्टे, हेल्मेट, गॉगल. पदर जागच्या जागी राहावा म्हणून भरपूर पिना. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. तोवर ती दोन मुलांची आई होती.

भाचीच्या आईला मी शीतलचा पटायाचा व्हिडिओ पाठवला. दोन मिनिटांत उलट फोन. ‘नऊवारी पाचवारीपेक्षा सोयीची, कासोटा असतो ना,’ एवढंच ती म्हणाली, आणि मग विचारलं, त्या कूपनची मुदत कधीपर्यंत आहे.